शेवटच्या नाटकानंतर मुलं ‘मजा आली’च्या पुढे बोलत नाहीत, काय करावं?

प्रश्न एका माध्यमिक शाळेतल्या शिक्षिकेचा आहे. थोडक्यात असा: पाचवीपासून एकत्र नाटक करणारी १७ मुलं यंदा दहावीत आहेत. डिसेंबरच्या स्नेहसंमेलनात त्यांनी शाळेतलं शेवटचं नाटक केलं, ३५ मिनिटांचं. मध्येच एका मुलानं दोन पानं गाळली आणि त्यात एका मुलीचं एकुलतं एक मोठं स्वगत गेलं. ती आता त्याच्याशी बोलत नाही. वार्षिकांकासाठी मॅडमनी सगळ्यांकडून मनोगत मागवलं, तर १७ कागदांवर ‘अविस्मरणीय अनुभव’ आणि ‘आम्ही एक कुटुंब झालो’. समोर बसवून विचारलं तर ‘मजा आली, मॅडम’. दोघी रडल्या, बाकीचे त्यांना हसले. आता व्हिडिओ दाखवून चर्चा घ्यावी का, आणि घेतली तर काय विचारावं, असं त्या विचारतायत.

मॅडम, मी सांगली-मिरजेकडच्या शाळांमधून २४ वर्षं नाटकं बसवतोय. पहिली सहा-सात वर्षं मीही नेमकं हेच करत होतो. म्हणून आधी एक स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मुलांकडे सांगायला काही नाही असं अजिबात नाही. तुम्ही मागितलं मनोगत, त्यांनी दिलं मनोगत. वार्षिकांकातलं मनोगत कसं असतं हे त्यांना पाचवीपासून पाठ आहे. कागद कोण तपासणार हेही माहीत आहे. त्यातून ‘काय शिकलात?’ असं विचारलं की दहावीच्या मुलाला ताबडतोब पाच गुणांचा प्रश्न दिसतो.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला माझ्याबद्दल फार उशिरा कळली. मी मुलांना ‘कसं वाटलं?’ विचारायचो तेव्हा मला मुलांचं ऐकायचंच नसायचं. दोन महिने घसा फोडला, सुट्टीच्या दिवशी शाळेत आलो, त्याची पावती हवी असायची. मुलांना हे बरोबर कळतं. ती पावती देतात. ‘सरांमुळे हे शक्य झालं.’ झालं, विषय संपला.

आता परिस्थितीप्रमाणे काय काय बदलतं ते सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं तुम्हाला जसंच्या तसं लागू होईल असं वाटायला नको. नाटक स्नेहसंमेलनाचं होतं की स्पर्धेचं, यानं मोठा फरक पडतो. राज्य बालनाट्य स्पर्धेत किंवा एखाद्या आंतरशालेय करंडकात उतरलेल्या मुलांशी निकाल लागायच्या आत बोलून घ्यावं. एकदा प्रशस्तिपत्रं हातात पडली की प्रत्येक जण नाटक निकालाकडून उलटं आठवायला लागतो. अभिनयाचं बक्षीस मिळालेल्या मुलाला आपण चुकलोच नाही असं खरोखर वाटू लागतं. तुमचं स्नेहसंमेलनाचं आहे, तेव्हा ही भानगड नाही. मुलं किती हेही महत्त्वाचं. १७ म्हणजे एका बैठकीची कमाल मर्यादा. चाळिसांचं समूहनाट्य असतं तर मी तीन गट केले असते. आणि पूर्वपरीक्षा कधी आहे ते बघा, कारण खरी अडचण तिथेच येते.

वेळेबद्दल माझं मत पक्कं आहे. प्रयोगाच्या रात्री काहीही विचारायचं नाही. त्या रात्री मुलांना फक्त तीन गोष्टी लागतात: खोबरेल तेल, खायला काहीतरी, आणि आपापले आईवडील. रंग उतरवताना मुलं बोलत असतात, ते लांबून ऐकावं, मध्ये पडू नये. कापसाचा बोळा फिरवताना एकमेकांच्या मानेवरचा राहिलेला रंग दाखवतात, मिशी ओढून काढताना ओरडतात, मध्येच सगळ्यांना एकदम हसू फुटतं. त्यांचं पहिलं बोलणं तिथे होऊन जातं आणि ते आपल्यासाठी नसतं. शिवाय त्या रात्री पालक असतात. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ सांगलीत केलं, तेव्हापासून इथल्या प्रत्येक माणसाला नाटकातलं कळतं. ‘आवाज जरा पडला रे तुझा’ हे वाक्य मेकअप रूमच्या दारातच येतं. त्यानंतर मुलगा काय बोलणार?

उलट टोकाला जाऊन ‘आता अभ्यास करू दे, परीक्षा झाली की निवांत बसू’ असंही म्हणू नका. २०२० च्या जानेवारीत माझ्या एका शाळेतल्या दहावीच्या मुलांनी फार सुंदर काम केलं होतं. आधीच्या ऑगस्टमधल्या महापुरात त्या शाळेचं नेपथ्याचं सामान गेलं होतं, सगळ्या लेव्हल्स, म्हणजे रंगमंचावरचे लाकडी चौथरे, फुगून त्यांचे पापुद्रे निघाले होते. मुलांनी चार बाकं, दोन चादरी आणि एका शिडीवर नाटक उभं केलं. मी म्हटलं, शेवटचा पेपर झाला की त्याच संध्याकाळी बसू, भेळ करू. शेवटचा पेपर भूगोलाचा होता, २३ मार्चला. तो आधी पुढे ढकलला गेला, मग रद्दच झाला. टाळेबंदी लागली, मुलं आपापल्या गावी अडकली, पुढे कोणी डिप्लोमाला, कोणी आयटीआयला, कोणी कोल्हापूरला मामाकडे. ती बैठक झालीच नाही. मोबाइलवर गट काढला, त्यावर सगळ्यांनी अंगठे पाठवले. तेव्हापासून मी प्रयोगानंतर चौथ्या ते आठव्या दिवसात बैठक घेतो म्हणजे घेतो. चार दिवसांत झिंग उतरलेली असते, पण पायाला अजून रंगमंच आठवत असतो. तुमचे दिवस थोडे जास्त उलटलेत असं दिसतं, तरी हरकत नाही, याच आठवड्यात घ्या. पूर्वपरीक्षा सुरू झाली की मुलांचं डोकं पूर्ण वेगळ्या जागी जातं.

जागा तालमीचीच घ्या. वर्गात बाकांवर बसलात की वर्गच भरतो. तालीम ज्या हॉलमध्ये किंवा व्हरांड्यात झाली तिथे, जमिनीवर, गोल. फरशीवर एन्ट्रीच्या खुणा राहिल्या असतील तर उत्तम, पुसून घेऊ नका. कपडेपट परत गेला असला तरी हातातल्या वस्तू मध्ये ठेवा: काठी, पिशवी, कंदील, जे असेल ते. मुलं बोलता बोलता त्या हातात घेतात, आणि वस्तू हातात आली की जीभ सुटते. पडद्यामागची मुलं आलीच पाहिजेत. लाइट, संगीत, कपडेपट, प्रॉम्प्टिंग, सगळी. ती आली नाहीत तर बैठक पुढे ढकला, पण त्यांच्याशिवाय करू नका. का, ते खाली सांगतो.

व्हिडिओ दाखवू नका. निदान आधी तरी नको. व्हिडिओ सुरू झाला की मुलं स्वतःचीच प्रेक्षक होतात. ‘ई, माझे केस बघ’, ‘मी एवढी जाड दिसते?’, ‘माझा आवाज असा आहे?’ पंधरा-सोळा वर्षांचं वय आहे, दुसरं काय होणार. आणि तो व्हिडिओ असतो कुणा काकांनी चौथ्या रांगेतून धरलेला, पुढच्या बाईंच्या अंबाड्यासकट. त्यात विंग नसते, लाइट कमी-जास्त करणाऱ्या डिमरवरचं पोर नसतं, ब्लॅकआउटमध्ये धावत जाऊन बाक फिरवणारे दोघं नसतात. एकदा व्हिडिओ पाहिला की मुलांना तोच प्रयोग आठवायला लागतो आणि आतून पाहिलेला पुसट होत जातो. आधी बोलून घ्या, व्हिडिओ नंतर हसण्यासाठी बघा, चिवडा खात.

आता मुख्य मुद्दा: विचारायचं काय. माझा नियम एवढाच की भावना विचारायची नाही, जागा विचारायची. ‘तिसरी घंटा झाली तेव्हा तू कुठे उभा होतास? हातात काय होतं? शेजारी कोण होतं? तुला काय ऐकू येत होतं?’ एवढंच. एकानं सांगितलं की त्याच क्षणी दुसरा कुठे होता ते दुसऱ्याला विचारायचं. तोच क्षण १७ जागांवरून. ‘कसं वाटलं’ याचं उत्तर सगळ्यांचं सारखं असतं, कारण शब्द आयते मिळतात. ‘कुठे होतास’ याचं उत्तर दोघांचं सारखं असूच शकत नाही. पहिली दहा मिनिटं मुलं बिचकतात, यात काय सांगायचं म्हणून. मग कोणीतरी म्हणतं, ‘मी विंगेत होतो, पण माझी एक चप्पल सापडत नव्हती.’ की दुसरा म्हणतो, ‘ती माझ्या पायाखाली होती रे!’ इथून पुढे तुम्हाला फारसं काही करावं लागत नाही.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे मी पडद्यामागच्या मुलांबद्दल एवढा आग्रह का धरतो ते कळेल. नाटक होतं रात्रीची शेवटची एसटी चुकलेल्या माणसांचं. त्यात एक आजोबा, जाड चष्मा, हातात कंदील. शेवटी ते कंदील फलाटावर ठेवतात आणि ब्लॅकआउट. प्रयोगात हा ब्लॅकआउट दोनेक सेकंद उशिरा आला. तुम्हाला माहीत आहे दोन सेकंद किती लांब असतात. लाइटवर नववीतली एक मुलगी होती, अतिशय चोख. पडदा पडल्यावर मी सगळ्यांसमोर तिला बोललो, ‘एवढं एक काम होतं तुला.’ ती काही बोलली नाही. त्याच रात्री मुख्याध्यापकांनी आजोबांच्या चालण्याचं कौतुक केलं, काय ते पाऊल चाचपत टाकणं, काय तो तोल!

पाचव्या दिवशी आम्ही बसलो. मी विचारलं, तिसरी घंटा झाली तेव्हा कोण कुठे होतं. आजोबा म्हणाला, ‘मी विंगेत होतो आणि मला काही दिसत नव्हतं.’ का? तर नाटकातल्या बिनकाचेच्या चष्म्याची दांडी ऐन वेळी तुटली होती, आणि लाइटवरच्या मुलीनं पळत मागे येऊन स्वतःचा चष्मा त्याला दिला होता. उणे साडेचारचा. त्याला जमीन खाली गेल्यासारखी दिसत होती, म्हणून तो चाचपत चालत होता. आणि ती हॉलच्या मागच्या टोकाला डिमरवर बसलेली, चष्म्याशिवाय. तिला रंगमंचावर नुसते रंगाचे ठिपके दिसत होते. कंदील खाली ठेवताना दिसणं शक्यच नव्हतं, म्हणून तिनं कंदिलाचं बूड लेव्हलच्या लाकडावर टेकल्याचा आवाज येईपर्यंत वाट पाहिली आणि मग लाइट घालवला. दोन सेकंद उशीर तो असा. तिनं हे कुणालाच सांगितलं नव्हतं, घरीसुद्धा. मी तिथेच तिची माफी मागितली. ‘असू दे सर’ म्हणाली आणि फरशीकडे बघत राहिली. मला ते ‘असू दे’ अजून टोचतं.

त्या दिवशी मी नेहमीचं ‘कसं वाटलं?’ विचारलं असतं तर हे बाहेर आलं असतं का? आजोबा ‘मस्त’ म्हणाला असता, ती ‘छान’ म्हणाली असती, आणि मी चोवीस वर्षांतल्या माझ्या सगळ्यात हुशार लाइटवालीला निष्काळजी समजून विसरून गेलो असतो.

आता तुमची दोन गाळलेली पानं. बैठक तिथून सुरू करू नका. सुरुवातीला सगळ्यांचं लक्ष त्या मुलाकडेच असणार, तोही मान खाली घालून तयारीत आलेला असणार. आधी अर्धा-पाऊण तास बाकीचं होऊ द्या. मग गाळलेल्या पानांपाशी आलात की तिथेही बाकीच्या क्षणांसारखंच विचारा: वाक्य गेलं तेव्हा कोण कुठे होतं? प्रॉम्प्टरनं काय केलं? समोरच्यानं काय पाहिलं? तुम्ही लिहिलंय की नाटक थांबलं नाही आणि प्रेक्षकांना कळलं नाही. याचा अर्थ कोणीतरी ते उचललं. कोणी, कसं, कुठल्या वाक्यावरून पुढच्या पानावर उडी मारली, हे मुलांनाच सांगू द्या. मुलाला सगळ्यांसमोर ‘सॉरी’ म्हणायला लावू नका. त्याला म्हणायचं असेल तर तो म्हणेल, बहुधा बैठक संपल्यावर, सायकल काढताना.

त्या मुलीचा राग मात्र खरा आहे, आणि इथे आपण शिक्षक हमखास चुकतो. ‘नाटक सगळ्यांचं असतं, एकाचं नसतं’ हे तिला सांगू नका. तिला ते माहीत आहे, म्हणूनच ती रंगमंचावर गप्प राहिली आणि नाटक पुढे गेलं. दोन महिने पाठ केलेलं, आई, आजी आणि क्लासच्या मैत्रिणी जे ऐकायला आल्या होत्या, ते गेलं, आणि पुढचं वर्ष नाही. याची भरपाई तत्त्वज्ञानानं होत नाही. होत असेल तर ते स्वगत म्हणूनच होते. शक्य असेल तर बैठकीच्या शेवटी तिला ते तिथेच, तालमीच्या जागेवर, कपडेपट-लाइटशिवाय करू द्या. आधीचं वाक्य त्या मुलानं द्यायचं, म्हणजे जे त्या रात्री गळलं तेच. पण तिला एकटीला, आदल्या दिवशी विचारा. मी एकदा न विचारता, मोठ्या उत्साहानं, सगळ्यांसमोर ‘चल, आता करून दाखव’ म्हटलं होतं. ती मुलगी उठली आणि सरळ घरी गेली. तिच्या जागी मी असतो तर मीही गेलो असतो. उपकार केल्यासारखं झालं होतं ते. तुमची मुलगी नाही म्हणाली तर तिथेच सोडून द्या, दुसऱ्यांदा विचारू नका.

रडण्याबद्दल फार काळजी करू नका. रडणाऱ्यांना थांबवायचं नाही, हसणाऱ्यांना ओरडायचं नाही; त्या वयात हसणं हे बरेचदा रडण्याचंच दुसरं तोंड असतं. फक्त एक करू नका: ‘अरे, कॉलेजला गेलात की एकांकिका आहेतच, पुण्याला गेलात तर पुरुषोत्तम करंडक आहे’ असली समजूत घालू नका. ज्याला करायचं आहे तो शोधून काढतो. पण १७ पैकी १२-१३ जण पुन्हा कधी रंगमंचावर उभे राहणार नाहीत, आणि त्यांना ते आत्ताच कळलेलं असतं. त्यांच्यासाठी हे शेवटचंच आहे. ते शेवटचं आहे असं त्यांना म्हणू द्या.

वार्षिकांकाचं काय? ते सोपं आहे. बैठकीनंतर दोन दिवसांनी प्रत्येकाला आठ ओळी लिहायला सांगा, एकाच क्षणाबद्दल. त्यात ‘अविस्मरणीय’, ‘शिदोरी’, ‘सोनेरी क्षण’ आणि तुमचं नाव, या चार गोष्टींना बंदी. आमच्याकडे एका मुलानं आधी लिहिलं होतं, ‘या नाटकाने मला आत्मविश्वास दिला.’ बंदीनंतर त्यानंच लिहिलं, ‘माझं वाक्य एकच हुतं. गाडी आली का? मी ते विंगेत चाळीस वेळा म्हणलो. बाहेर गेल्यावर लोक हसले. हसायचं वाक्य नव्हतं ते, पण मला बरं वाटलं.’ संपादक मंडळाला ‘हुतं’ आणि ‘म्हणलो’ दुरुस्त करायचं होतं. मी भांडलो, आणि तसंच छापलं. तुमच्याकडची मुलं जी बोली बोलतात ती राहू द्या.

मात्र गोलात सांगितलेलं सगळं छापायचं नसतं. चष्म्याची गोष्ट मी दोघांनाही विचारून, नावं काढून सांगतोय. स्वगत गेल्याची गोष्ट तुमच्या अंकात यावी की नाही हे त्या दोघांनी ठरवायचं, तुम्ही किंवा संपादकांनी नाही.

तुम्ही स्वतः काय बोलायचं, असंही शेवटी विचारलंय. सगळ्यात शेवटी बोला आणि थोडकं बोला. तिसऱ्या घंटेला तुम्ही कुठे होतात तेवढं सांगा. मी बहुतेक वेळा उजव्या विंगेत, डोळे मिटून, प्रत्येकाचं पहिलं वाक्य त्यांच्याआधी पुटपुटत असतो. हे ऐकून मुलं खूप हसतात, त्यांना वाटत असतं सर निवांत आहेत.

आणि एक व्यवहाराचं. बैठक शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर ठेवा, आणि घरी आधी निरोप द्या की उशीर होईल. दहावीच्या वर्षात दुपारचे क्लास असतात. आमची एकदा दीड तासाची म्हणून ठरलेली बैठक साडेतीन तास चालली होती. दोन वडील गेटवर येऊन थांबले होते, एक चांगलेच चिडलेले. ते मुलाला न्यायला म्हणून आत आले, दाराशी उभे राहून दहा मिनिटं ऐकत राहिले, आणि मग चप्पल काढून मागे भिंतीला टेकून बसले.